दोन जन्मतारखांची बाई

९ ऑगस्ट

श्री. विमा सल्लागार यांस,

मायना काय लिहावा यात दोन कागद वाया गेले. 'चिरंजीव' लिहायला हात धजेना. टिल्लू म्हणावं, तर सहा फुटी माणसाला सहा वर्षं न भेटता एकदम टिल्लू कसं म्हणायचं? शेवटी तुझ्या जुन्या कार्डावर होतं तेच लिहिलं. तुझा फोन लागत नाही. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. म्हणून हे पत्र तुझ्या सासऱ्यांच्या पत्त्यावर, रजिस्टर करून.

मी बरी आहे. लॅबमध्ये अजून कवळ्याच बनवते. डोळे शाबूत आहेत, हात थरथरत नाही.

आता मुद्दा. एका किरकोळ कामासाठी मी आरोग्य विम्याकडे अर्ज केला होता. तूच काढून दिलेली पॉलिसी, अकरा वर्षांपूर्वीची. हप्ता मी एकदाही चुकवलेला नाही. उत्तर आलं की तुमच्या नावावर आणखी पाच पॉलिसी दिसतात, त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत, शिवाय त्यांवरची जन्मतारीख वेगळी आहे, तेव्हा तुम्ही नक्की कोण हे ठरेपर्यंत अर्ज थांबवला आहे. बावन्नाव्या वर्षी हा प्रश्न फार जड जातो रे.

कार्यालयात गेले. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "फोटो तुमचाच ना?" फोटो माझाच. तू मला स्टुडिओत नेलं होतंस, मी फ्लॅशला दचकून डोळे अर्धे मिटले, आणि "असू दे ताई, विमा कंपनीला डोळे लागत नाहीत" म्हणून तू त्याच फोटोच्या दोन डझन प्रती काढून घेतल्यास. माझ्या कामाला सहा लागल्या होत्या. उरलेल्यांचं काय झालं ते आत्ता कळलं. पाचही पॉलिसींवर मी पेंगते आहे.

सही माझी नाही. माझ्यासारखी करायचा प्रयत्नसुद्धा नाही, शेवटी लांब रेघ ओढली आहे. व्यवसाय 'गृहिणी'. तेहतीस वर्षं मी लोकांच्या तोंडात दात बसवते आहे, आणि गृहिणी? वारस म्हणून आईचं नाव. पहिल्या फॉर्मची तारीख बघितली, तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. म्हणजे मी मेले असते तरी पैसे घ्यायला कुणी नव्हतं. त्या मुलीनेच समजावलं की असले फॉर्म टार्गेट भरून काढायला करतात. पहिला हप्ता एजंट स्वतःच्या खिशातून भरतो, त्याच्या खात्यात पॉलिसी धरली जाते, मग हप्ते थांबतात आणि ती आपोआप बंद पडते. कुणाला पत्ताच लागत नाही.

एजंटचं नाव विचारलं नाही. मुलगी सांगायला निघाली होती, मी हात वर करून थांबवलं.

कारण जन्मतारीख वाचली होती. तेवीस नोव्हेंबर.

माझ्या प्रत्येक कागदावर एक जून आहे, हे तुला माहीत आहे. शाळेत घालताना बाबांना माझी तारीख आठवेना, कारकुनाला घाई होती, त्याने त्याच्या सोयीची टाकली. मग ती दाखल्यावर गेली, नोकरीत गेली, बँकेत गेली. तेवीस नोव्हेंबर फक्त घरात राहिली. बाबा गेले, आई गेली. आता ती तारीख माहीत असलेली जगात दोनच माणसं आहेत. त्यातली एक मी, आणि मी ते फॉर्म भरलेले नाहीत.

हे तू केलेलं नाहीस, असं मला लिहून पाठव. खोटं असलं तरी चालेल. एवढं तुला येतं.

तुझी बहीण


३० ऑगस्ट

टिल्लू,

पोचपावती आली. तिच्यावर तुझ्या बायकोची सही आहे. घरात निदान एक माणूस तरी स्वतःची सही करतं, हे बघून बरं वाटलं.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही काही फोडलंस की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि तुला वाटायचं की पाय दिसत नाहीत.

मला चौकशी अधिकाऱ्यांकडे पाठवलं. चौथा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर थांबत गेले. अधिकारी बाई आहेत, दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील, गळ्यात चष्म्याची साखळी. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "आधी पाणी घ्या. चौथ्या मजल्यावर आलेल्या माणसाचं पहिल्या पाच मिनिटांतलं मी लिहूनच घेत नाही. धाप लागलेली असते, तो काहीतरी बोलून जातो."

गंमत सांगते. त्या हसल्या आणि मी त्यांचे वरचे चार दात ओळखले. आमच्या लॅबचे, माझ्या हातचे. डावीकडचा दुसरा मी किंचित वाकडा बसवला होता. सगळे दात सरळ रेषेत ठेवले की कवळी लगेच खोटी दिसते. एक जरासा कलला, की समोरच्याला संशय येत नाही. हे तुला मी कितीदा दाखवलंय, तू माझ्या टेबलाशी डबा खायला यायचास तेव्हा. तू नेमकं उलटं केलंस. सगळं खोटं लिहिलंस आणि त्यात एकच खरी गोष्ट घातलीस, आणि तिनेच घोटाळा झाला.

बाईंनी फाईल वाचली, मला वाचलं, मग म्हणाल्या, "एजंटचं आडनाव आणि तुमचं आडनाव एकच आहे, हे मला दिसतंय. मी काही विचारत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत."

एक वाट अशी की मी लिहून द्यायचं, ही जन्मतारीख माझी नाही, ही बाई मी नाही. मग नावसाधर्म्यातून झालेला घोळ म्हणून फाईल बंद होते. बंद पडलेल्या पॉलिसींसाठी कंपनी कुणाच्या मागे लागत नाही. माझा अर्ज महिन्याभरात सुटतो.

दुसरी वाट अशी की मी लिहून द्यायचं, बाई मीच, तारीखही माझीच, पण सही माझी नाही. मग ती तारीख कुणाला माहीत होती हे सांगावं लागतं. मग पोलीस, हस्ताक्षराचे तज्ज्ञ, एजंटची चौकशी. तोवर माझा अर्ज जिथल्या तिथे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही हो," त्या म्हणाल्या, "सहा महिने धरा. जास्तच."

आता तुला सांगायलाच हवं. मागच्या पत्रात किरकोळ काम म्हटलं, ते तितकंसं किरकोळ नाही. माझ्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. दोन वर्षं मला वाटत होतं की प्लॅस्टरच्या धुळीने दम लागतो. मालकांनी माझं टेबल खिडकीशी हलवलं, मी रुमाल बांधून बसायला लागले, तरी काही फरक पडेना. डॉक्टर म्हणतात नोव्हेंबरअखेरपर्यंत, फार तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत झडप बदलून घ्या, पुढे भरवसा नाही. विम्याशिवाय मला ते परवडत नाही. साठवलेलं होतं ते आईच्या आजारपणात गेलं, ते तुला माहीत आहे. किंवा नाहीही, तू तेव्हा कुठे होतास.

हे दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. तुला सगळे आकडे आधी लागतात, म्हणून सांगितलं.

ताई


१४ सप्टेंबर

टिल्लू,

सही करून आले.

'सदर जन्मतारीख माझी नाही व सदर व्यक्ती मी नाही.' नऊ शब्द. त्याखाली मी, माझी स्वतःची, शेवटी रेघ नसलेली सही केली. बाईंनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि ट्रेमध्ये ठेवला.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. मला बरं व्हायचंय. मला अजून आठ वर्षं काम करायचंय, मग घरी बसून कंटाळायचंय. आणि मी थकले आहे. ऑफिसं बघून, जिने बघून, 'यावर झेरॉक्स जोडा' हे ऐकून थकले. परवा लॅबमध्ये मेणात दात लावता लावता डोळे मिटले आणि समोरचा सुळा दाढेच्या जागी बसवला. मालक काही बोलले नाहीत, स्वतः काढून ठेवला. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उतरताना मात्र दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. दम लागला म्हणूनच, पण नुसता म्हणून नाही. आई दर तेवीस नोव्हेंबरला कामावर निघण्याआधी मला हलवून उठवायची आणि हळूच सांगायची, "आज तुझा दिवस. बाहेर बोलू नकोस, शाळेत गोंधळ होईल." तू शेजारच्या अंथरुणात झोपेचं सोंग घेऊन ऐकायचास. मग दुपारी मला टोक केलेली पेन्सिल भेट द्यायचास. माझ्याच दप्तरातली.

ते सगळं माझं नाही, असं मी आज लिहून दिलं. आईला खोटं पाडलं.

झालं, संपलं. तुझ्या मागचं शुक्लकाष्ठ सुटलं. आता मला उत्तर पाठवू नकोस. पाठवत नाहीसच म्हणा.

ताई


५ ऑक्टोबर

टिल्लू,

संपलेलं नाही. बसून वाच, आणि तुझ्या बायकोलाही वाचू दे. मागचं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं असणार, ती काळजीने चिकटवते, मला माहीत आहे.

आमच्या लॅबमध्ये मावशी आहेत. झाडतात, प्लॅस्टरचे ट्रे धुतात, साचे फोडतात. तुला आठवत असतील, तू आलास की तुझ्यासाठी स्टूल पुसून ठेवायच्या. माझ्या भानगडीचं मालकांकडून त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, माझंही जरा बघता का? भाऊंकडेच आहे. मला काही वाचता येत नाही त्यातलं."

फोल्डरमध्ये पहिल्या वर्षाची पावती होती. खरी. बाकी नुसती तुझी कार्डं, एकावर तू हसतो आहेस. दर महिन्याला त्या तुझ्या हातात रोख देत होत्या. तू येईनासा झालास तेव्हा तू पाठवलेल्या माणसाच्या हातात. आठ वर्षं. साठी झाली की हे ट्रे धुणं सोडायचं आणि त्या पैशावर बसून खायचं, एवढाच त्यांचा बेत. त्यांना घेऊन मी काउंटरवर गेले. पहिल्या वर्षानंतर त्यांच्या नावावर काही भरलेलंच नाही. मुलीने तीनदा बघितलं.

मावशी रडल्या-ओरडल्या नाहीत. बाहेर बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून दिले हो."

ही गोष्ट मी आतापर्यंत तुझ्यापासून लपवली असं नाही, तुला ती माहीतच आहे. मी ती माझ्यापासून लपवली होती. त्या दुपारी तू फॉर्म घेऊन आलास, मावशी घुटमळत होत्या, आणि मी मेण तापवता तापवता मान वर न करता म्हटलं, "माझा भाऊ आहे, डोळे झाकून द्या." त्यांनी डोळे झाकून दिले. टिल्लू, माझ्या नावाची खोटी सही तुला पाचदा करावी लागली. मावशींच्या वेळी तेवढाही त्रास पडला नाही, माझा शब्दच पुरला.

मी मावशींना घेऊन अधिकारी बाईंकडे गेले. जिना चढताना त्या माझा हात धरत होत्या. म्हणजे बघ.

बाई म्हणाल्या, "एजंट एकच आहे. पण त्याच्याविरुद्ध कागदावर काय आहे? ह्यांच्याकडे रोखीची पावती नाही. आणि तुमची फाईल तुम्हीच बंद केलीत. ती बाई तुम्ही नाही, असं तुमचंच लेखी आहे."

"ते परत घेता येतं?"

"येतं. पण मग हेही परत घ्यावं लागेल," असं म्हणून त्यांनी एक लिफाफा पुढे सरकवला. माझ्या ऑपरेशनच्या मंजुरीचं पत्र. आदल्या दिवशीच सहीला आलं होतं.

मी ते हातात घेतलं. वाचलं. चांगला जाड कागद होता. मग परत दिलं.

मी धीराची बाई आहे म्हणून नाही. मला फार भीती वाटते. आजकाल उताणं झोपता येत नाही, उशांना टेकून बसून झोपते, आणि त्या वेळी जे जे मनात येतं ते तुला लिहिण्यासारखं नाही. पण मावशी शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्या नखांत प्लॅस्टर होतं, आणि त्यांना तो लिफाफा कसला हेही माहीत नव्हतं. मला देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नवीन जबाब लिहिला. बाई मीच. तारीख माझीच. ती आता फक्त माझ्या भावाला माहीत आहे. तो एजंट आहे.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आता एकच झटपट उपाय उरतो. तो स्वतः आला आणि लिहून दिलं, तर तज्ज्ञ नको, सहा महिने नकोत. तुमची ओळख त्याच दिवशी पक्की होते. ह्यांची तक्रारही उभी राहते. त्याचं मात्र जे व्हायचं ते होईल. कधीची तारीख देऊ?"

कॅलेंडर त्यांनी माझ्याकडेच वळवलं. मी तेवीस नोव्हेंबर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहून घेतलं.

तर असं आहे. तू आला नाहीस तरी माझा जबाब बदलणार नाही, म्हणून मला घाबरवायला वा माझं मन वळवायला येऊ नकोस. आलास तर तुझं लायसन्स जाईल, कदाचित आत जावं लागेल. नाही आलास तर माझ्या हातात डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस आहेत, पुढचं मला माहीत नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. विम्याच्या माणसाला असलं सगळं आधी सांगावं लागतं, हे तूच शिकवलंस.

आणखी एक. आई गेली त्या दिवशी तू चार तास उशिरा आलास, काखेत फाईल. चार माणसांसमोर मी तुला म्हटलं, "ती फाईल बाहेर ठेवून ये." तू फाईल घेऊन तसाच गेलास तो गेलासच. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बरोबर बोलले. बरोबरच बोलले. पण तुझा हात धरून आत घेऊन मग बोलायला हवं होतं.

ताई


१९ नोव्हेंबर

टिल्लू,

लिफ्ट सुरू झाली आहे. चौथा मजला, उजवीकडचं दुसरं दार. दहा वाजता.

ताई


२ डिसेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी मी साडेनऊला घरून निघाले. मावशी बरोबर होत्या. लिफ्टला रांग होती, आमचा नंबर लागेपर्यंत दहा वाजून गेले. वर पोचले तर बाई म्हणाल्या, "येऊन गेला."

तू म्हणे आठपासून दाराशी बसला होतास. त्यांचा म्हातारा शिपाई झाडू मारायला आला तेव्हा तू बाकावर होतास. त्याने मला सगळं सांगितलं. तू विचारलंस, "फाईल बाहेर ठेवू का?" तो म्हणाला, "आत न्या की साहेब, इथे सगळे फाईल घेऊनच येतात." तरी तू ती बाकावरच ठेवलीस आणि हात हलवत आत गेलास.

हे ऐकून मी त्या बाकावर बसले आणि रडले. मावशींना वाटलं छातीत दुखतंय, त्या पाणी आणायला धावल्या. मला तुझा राग होता, आहे, पण त्या क्षणी मला नुसता तू हवा होतास. तू मला टाळायला आठ वाजता आलास, हे मला कळत नाही का? मी पण कुणाला तोंड दाखवायचं नसलं की लवकरच जाते. एकाच घरातले आपण.

तुझ्या जबाबाची प्रत मला मिळाली. चार पानं, एकही खाडाखोड नाही. अक्षर अजून तसंच, प्रत्येक शब्द पुढे झुकलेला. अकरा माणसांची नावं लिहिलीस, कुणाकडून काय घेतलंस तेही. मावशींचं नाव तिसरं आहे. मी त्यांना बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नाव बरोबर लिहिलंय ना? मग आता नाही म्हणता येणार नाही त्यांना." कंपनी त्यांचा दावा बघते आहे. सगळं मिळेल असं कुणी म्हणत नाही. काही तरी मिळेल, असं बाई म्हणतात, आणि त्या उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

सातवा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. 'विमाधारकाची जन्मतारीख कोठून मिळवली?' त्यावर तू लिहिलंस, 'मिळवली नाही. ताईचा वाढदिवस आहे. फॉर्म भरताना एक जून लिहायची असते, हे लक्षातच राहिलं नाही.'

पाच फॉर्म. पहिला आई गेल्यावर दोन महिन्यांनी, शेवटचा दोन वर्षांपूर्वी. तू माझ्याशी एक शब्द बोलत नव्हतास, मला फसवत होतास, आणि त्या रकान्यापाशी आलास की दर वेळी तेवढंच आठवत होतं. यावर काय बोलावं मला कळत नाही. याने तुझं काही माफ होत नाही. मावशींचे आठ वर्षांचे पैसे यातून येत नाहीत. तरी मी ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आहे.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. पहिल्यांदाच. रोज ठाण्यात हजेरी लावतोस, खटला उभा राहील, असं म्हणाली. मी तुला सोडवायला येणार नाही, ते मनात आणू नकोस. सुनावणीला मात्र येईन आणि मागच्या बाकावर बसेन. तुझ्याकडे बघून हसणारही नाही कदाचित, पण तिथे असेन.

कंपनीने विचारलं, दोहोंपैकी कोणती तारीख कायम करायची? मी एक जून सांगितलं. तेहतीस वर्षांचे कागद त्या तारखेवर उभे आहेत, ते आता कोण बदलत बसणार. खरी घरातच राहू दे.

मंजुरीचं पत्र पुन्हा आलं. ऑपरेशन सोळा डिसेंबरला, सकाळी आठला. शेजारीण किल्ली ठेवणार आहे, मालकांनी दोन महिन्यांची रजा दिली, मावशी म्हणाल्या की ट्रे धुवून झाले की रोज येईन. म्हणजे माणसं आहेत, नाहीत असं नाही.

भूल देणारे डॉक्टर परवा भेटले. म्हणाले, शुद्धीवर आल्यावर आम्ही तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारू, डोकं ठिकाणावर आलंय का ते बघायला. त्यांच्याकडच्या कागदावर एक जून आहे. पण अर्धवट गुंगीत माझ्या तोंडून दुसरीच निघेल, मी स्वतःला ओळखते. त्यांना वाटेल, बाई अजून भानावर आलेली नाही. मावशींना विचारतील, त्या कागदच दाखवतील. शेजारणीलाही ठाऊक नाही.

म्हणून सोळाला तू बाहेर बस. फाईल आणलीस तरी चालेल. मी तेवीस नोव्हेंबर म्हणाले, तर त्यांना सांग की बरोबर आहे.

तुझी,
ताई